कुत्रं-मांजर पुन्हा पुन्हा ओकतंय: आधी काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही आणि कधी निघायचं

लक्षणं

यातलं एखादं चित्र तुमच्या ओळखीचं असेल.

१. पहाटे उपाशीपोटी पिवळसर फेस. ओकून झालं की कुत्रं शेपटी हलवत दारात उभं, फिरायला न्या म्हणून.
२. जेवल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळं अन्न बाहेर, दाणा न् दाणा ओळखू येईल असं.
३. मांजर जमिनीलगत बसून, मान पुढे ताणून खक् खक् करतंय. कधी केसांची ओली वळी पडते, कधी काहीच नाही.
४. बाहेर काहीतरी हुंगून-खाऊन आल्यावर दोन-तीन उलट्या, एखादा जुलाब, मग गुपचूप झोप.
५. दर आठ-पंधरा दिवसांनी एखादी उलटी, कारण कळत नाही, आणि अंगावरून हात फिरवला की बरगड्या पूर्वीपेक्षा जास्त लागतात.

कोल्हापुरातल्या आमच्या घरात गेल्या १८ वर्षांत ७ कुत्री आणि ११ मांजरं राहिली. त्याखेरीज रस्त्यावरून उचलून आणलेली पिल्लं, घर मिळेपर्यंत सांभाळलेली. मी डॉक्टर नाही, पण ओकलेलं पुसायची आणि त्यामागचं कारण शोधायची वेळ माझ्यावर शेकडो वेळा आली आहे. घाईने गिळलेल्या पोळीचीही उलटी होते आणि आतडं बंद झालं तरी उलटीच होते. बहुतेक वेळा या दोन्हींतला फरक घरीच, फुकट कळतो. त्यासाठी आधी बघायचं आणि मग औषधाचा विचार करायचा. आपण बरोबर उलटं करतो.

पुढचं वाचत बसू नये अशा वेळा

तुमचं जनावर आत्ता यातल्या कुठल्याही अवस्थेत असेल तर तपासण्या सोडा आणि दवाखान्याला फोन करत करतच निघा.

पोट डाव्या-उजव्या बाजूंनी फुगलंय, कुत्रं ओकायला बघतंय पण लाळेशिवाय काही येत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो, तो असा दिसतो. इथे हिशोब तासांचा असतो, सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही.

उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा पिवळ्या. उभं राहवत नाही, झटके येतायत.

लहान पिल्लू ओकतंय आणि पाण्यासारखी, घाण वासाची, रक्ताची शी करतंय.

बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, थेंबही येत नाही आणि सोबत उलट्या. घरचे याला बद्धकोष्ठ समजतात. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत त्याने जीव जातो.

विष पोटात गेल्याची नुसती शंका आहे. किंवा चार-पाच तासांत तीनहून जास्त उलट्या झाल्या आणि घोटभर पाणीही टिकत नाही.

यातलं काही नसेल, तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली तपासणी: ही उलटी आहे का?

हास्यास्पद वाटेल, पण मी आणलेल्या पहिल्या पिल्लाला उलटीचं म्हणून नेलं होतं आणि त्याला खोकला होता. कुत्र्याचा कोरडा खोकला शेवटी ओकारीसारखा होतो आणि पांढरा फेस पडतो. मांजराचा दमाही असाच दिसतो, घरचे म्हणतात केस अडकलेत, आणि महिनोन् महिने तेच म्हणत राहतात. केस पडत नसतील आणि खक् खक् चालूच असेल तर श्वसनाचं बघायला हवं.

खऱ्या उलटीत आधी मळमळ दिसते: लाळ, सारखं गिळणं, ओठ चाटणं, अस्वस्थ फेऱ्या. मग पोट आतबाहेर हलतं. याउलट अन्न नुसतं वर येतं तेव्हा पोटाची काही हालचाल नसते. मान खाली जाते आणि न पचलेलं अन्न, पुष्कळदा लांबट आकारात, घरंगळतं. ती अडचण अन्ननलिकेची असते. एखाद-दुसऱ्या वेळी कारण फक्त घाई असतं, पण रोज होत असेल तर सोडून देऊ नका, कारण हे अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो.

म्हणून पुसायला धावण्याआधी मोबाईल काढा. ३० सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

दुसरी: पडलेलं नीट बघा

किळस बाजूला ठेवावी लागते. पिवळं-हिरवं म्हणजे पित्त, जठर रिकामं होतं एवढंच ते सांगतं. पांढरा फेस म्हणजे लाळ आणि जठरातला रस. शेवयांसारखं पांढरट, वळवळणारं काही असेल तर जंत. प्लॅस्टिक, दोरा, पानं, गोळीचं पाकीट दिसलं तर पिशवीत भरून ठेवा. आणि उलटीला शीसारखा वास येत असेल तर तपासण्या इथेच थांबवा. आतडं खाली बंद असण्याची ती खूण आहे.

फोटो काढा, वेळ लिहा, शेवटचं कधी खाल्लं ते लिहा. आमच्या फ्रिजवर एक कागद कायम असतो. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की बऱ्याचदा कारण त्या कागदावरच दिसतं: दर सोमवारी, कारण रविवारी मटण. किंवा कायम पहाटे पाचला.

तिसरी: आता जनावराकडे बघा

ओकण्याच्या दोन खेपांमध्ये ते कसं आहे, यावर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवते. दोनदा ओकून दारावरची बेल वाजताच भुंकणारा कुत्रा आणि एकदाच ओकून पलंगाखाली तोंड फिरवून बसलेलं मांजर, यांत मला काळजी मांजराची वाटते.

ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी होतंय. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच खाली बसायला हवी, तंबूसारखी उभी राहिली तर सलाईनची गरज आहे. (म्हाताऱ्या किंवा फार वाळलेल्या जनावरात कातडी तशीही सैल असते, तिथे हिरडीचंच खरं धरा.) थर्मामीटर गुदद्वारात लावून १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे निरोगी कुत्र्या-मांजराचं तापमान, आपल्याला ताप वाटेल एवढं. १०३.५च्या वर किंवा १००च्या खाली गेलं तर दवाखाना.

हे सगळं तब्येत चांगली असताना एकदा करून ठेवा. आपल्या जनावराची हिरडी एरवी कशी असते तेच माहीत नसेल तर आजारपणात कळणार नाही.

चौथी: वेळ आणि भांडं

पहाटेचा पिवळा फेस आणि बाकी सगळं उत्तम, अशा कुत्र्यांचं संध्याकाळचं जेवण बहुधा सात-आठला उरकलेलं असतं. रात्रभर रिकाम्या जठरात पित्त वर चढतं. झोपायच्या आधी, दहा-साडेदहाला, रोजच्याच जेवणातला मूठभर वाटा द्या. नवीन काही नाही, फक्त वाटणी बदलायची. आमच्या दोन कुत्र्यांचा त्रास एवढ्यानेच आठवड्यात थांबला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर कारण दुसरं आहे.

जेवल्या जेवल्या ओकणाऱ्यांसाठी खोल वाडगा काढून टाका आणि अन्न मोठ्या ताटात पसरून द्या. दोन जनावरं असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारच्याने खाऊ नये म्हणून ती चावतच नाहीत.

गवत खाऊन क्वचित ओकणं मी मोजत नाही. मात्र ज्या बागेत फवारणी होते तिथलं गवत खाऊ देत नाही.

पाचवी: गेल्या आठवड्यात काय बदललं?

खाण्याचा ब्रँड एका दिवसात बदलला का? जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत ७ ते १० दिवस घ्यावे लागतात. दूध सुरू केलं का? मोठ्या कुत्र्या-मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, मांजराच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वाटीभर दुधाची गोष्ट कितीही गोड असली तरी. फरशीला नवीन फिनाईल? मांजर ओल्या फरशीवर चालतं, मग पंजे चाटतं, आणि त्यातली काही रसायनं मांजराच्या यकृताला बाहेर टाकता येत नाहीत. आमच्याकडे आता साधं पाणी आणि साबण, फरशी वाळेपर्यंत दार बंद.

आणि सणवार, पाहुणे. आमच्या गावात रविवार म्हणजे मटण, आणि पाहुण्याला टेबलाखाली हाडूक टाकल्याशिवाय राहवत नाही. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं. रश्शात कांदा-लसूण असतो, त्याने कुत्र्याच्या आणि त्याहून जास्त मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. परिणाम काही दिवसांनी दिसतो: फिकट हिरड्या, गडद लघवी. तेलकट-तुपकट जेवणाने स्वादुपिंडाला सूज येते. तेव्हा कुत्रं पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर ठेवून ताणल्यासारखं उभं राहतं, पोटाला हात लावू देत नाही. दिवाळीत ही मुद्रा दिसली तर ती आळस देण्याची समजू नका.

तासगावकडच्या नातेवाइकांकडून दरवर्षी आमच्याकडे बेदाणा येतो. तो डबा वरच्या फळीवर असतो, कारण द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात आणि किती खाल्ले तर चालतील याचा भरवशाचा आकडा नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुकेही त्यातच आले. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगगम यांचंही तेच: खाल्लेलं कळलं की उलटीची वाट न बघता फोन.

सहावी: घरातली कुठली वस्तू दिसत नाही?

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मे महिना होता. शेरू सहा वर्षांचा, हावरा आणि प्रेमळ. पहिल्या दिवशी जेवण ओकला, दुसऱ्या दिवशी पिवळं. आदल्या आजारपणातल्या उलटी थांबवायच्या गोळ्या घरात उरल्या होत्या, त्यातली मी दिली. उलट्या थांबल्या. मला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी तो पाणी प्यायल्या प्यायल्या ओकायला लागला आणि उठेना. आतड्यात हापूसची कोय अडकली होती. गोळीने उलटी दबली होती, कोय तिथेच आतडं दाबत होती. ऑपरेशनमध्ये आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. शेरू वाचला, पण तो गेलेला दीड दिवस माझ्यामुळे गेला होता. तेव्हापासून घरात उरलेल्या गोळ्या ठेवत नाही, आणि कुणालाही फोनवर गोळीचं नाव सांगत नाही.

म्हणून मोजा. आंबे किती कापले, कोयी किती टाकल्या. मक्याची कणसं, मुलांचे मोजे, चेंडू, बाटलीची बुचं. अडथळ्याची चाल अशी असते: आधी अन्न ओकतं, मग पित्त, मग पाणीही, शी कमी होते किंवा बंद होते, पोट दुखतं.

मांजरांचा शत्रू दोरा. शिवणाचा दोरा, संक्रांतीचा मांजा, गजऱ्याचा दोरा, गणपतीच्या मखराच्या चकचकीत झुरमुळ्या. दोऱ्याचं एक टोक पुष्कळदा जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात जातं, मग आतडं नाडीच्या पिशवीसारखं चुण्या पडून गोळा होतं. ओकणाऱ्या मांजराचं तोंड उघडून जिभेखाली बघा. दोरा दिसला, किंवा मागून लोंबताना दिसला, तर ओढू नका. कापूही नका. ओढला की आतून आतडं करवतीसारखं कापलं जातं. मांजर टोपलीत घाला आणि निघा.

सातवी: विष

उंदीर मारायची काळपट पावडर म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाइड. जठरातल्या आम्लाशी ते मिळालं की विषारी वायू तयार होतो. वर अन्न दिलं की आम्ल वाढतं, त्यामुळे 'दूधभात घाल, विष उतरेल' हा सल्ला इथे जीव घेतो. गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा, कारण त्याने ओकलं तर तो वायू तुमच्याही नाकात जातो. दुसऱ्या प्रकारच्या उंदीरविषाने रक्त गोठत नाही आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी येतात, म्हणून खाताना बघितलं असेल तर 'ठीक दिसतोय' यावर थांबू नका.

पॅरासिटामॉल मांजराला मारतं, एक गोळीसुद्धा. माणसांच्या दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात जखमा होतात आणि मूत्रपिंडं जातात. पुष्पगुच्छातल्या लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अंगणातलं शोभेचं सायकस, त्याच्या बिया तर फारच, कुत्र्याच्या यकृतावर जातात.

मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न करू नका. मिठानेच विषबाधा होते. आणि अॅसिड, फिनाईल, रॉकेल पोटात गेलं असेल तर ओकवताना तेच पुन्हा अन्ननलिका जाळतं किंवा फुप्फुसात उतरतं. ओकवायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तुम्ही डबा किंवा पाकीट बरोबर न्या.

आठवी: जंत, लस, गोचीड, माज

थोडा खर्च आहे, पण रक्त तपासणीपेक्षा कमी. पिल्लांना साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. मात्रा वजनावर असते, म्हणून वजन करूनच.

पार्व्होची (पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणाऱ्या विषाणूची) लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. एक टोचली म्हणजे झालं असं नाही. ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू गेलं तिथे विषाणू महिनोन् महिने राहतो. मी नवीन पिल्लू तिथे नेत नाही.

पावसाळ्यात उलटी, ताप, पिवळे डोळे असं एकत्र दिसलं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) डोक्यात ठेवा. उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून तो येतो आणि माणसालाही होतो. त्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. ताप, फिकट हिरड्या आणि अंगावर गोचीड असतील तर गोचीडतापासाठी रक्त तपासा.

कुत्रीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि माज संपून महिना-दोन महिने झाले असतील, ती सारखं पाणी पितेय, ओकतेय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही. हा थांबायचा विषय नाही.

घरी थांबायचं तर कसं

एक-दोन उलट्या, जनावर तरतरीत, वरचं काहीच नाही, एवढ्याच स्थितीत. निरोगी मोठ्या कुत्र्याला ६ ते ८ तास अन्न बंद. पाणी बंद करू नका, पण वाडगा भरूनही ठेवू नका, ते घटाघटा पितं आणि पुन्हा ओकतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडं थोडं: छोट्या कुत्र्याला दोन-तीन चमचे, मोठ्याला पाव वाटी. मग बिनहाडाची उकडलेली कोंबडी एक भाग, गुरगुट्या भात दोन भाग. मीठ, हळद, तेल, फोडणी काही नाही. दिवसात चार-पाच वेळा थोडं, दोन-तीन दिवस, नंतर रोजचं अन्न हळूहळू मिसळत.

पिल्लू, मधुमेही कुत्रं आणि कुठलंही मांजर उपाशी ठेवू नका. मांजराने, त्यात लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून तेच दुखणं मूळ आजारापेक्षा मोठं होतं. मांजराने २४ तास तोंड लावलं नाही तर फोन.

आणि २४ तासांत उतार नसेल तर तुमचं काम संपलं. पुढे रक्त तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी लागते, आणि ती घरच्या कुठल्याही उपायाने टळत नाही. कोय, कापड, दोरा एक्स-रेत हाडासारखे ठळक दिसत नाहीत, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी सांगतात तेव्हा ती उगाच वाढवलेली तपासणी नसते. खर्चाची अडचण असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत, नागपुरात, परभणीत, उदगीरला आणि आमच्या बाजूच्या लोकांसाठी शिरवळला. आधी फोन करून वेळ आणि सोनोग्राफी आहे का ते विचारा.

पाचव्या चित्राबद्दल

सुरुवातीला लिहिलेली शेवटची अवस्था, अधूनमधून उलटी आणि उतरत जाणारं वजन, ही घरी सुटत नाही. महिन्यात एक-दोनपेक्षा जास्त वेळा ओकणाऱ्या मांजराला 'केसांचं आहे' म्हणून सोडू नका. रोज विंचरा, ते चांगलंच, पण वयस्क मांजरात मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह आणि आतड्याचे जुनाट आजार याच रूपात येतात.

आमची चिंगी १३ वर्षांची असताना पंधरवड्यातून एकदा ओकायची. खात होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. माझी मुलगी दर महिन्याच्या एक तारखेला तिला कुशीत घेऊन वजनकाट्यावर उभी राहायची आणि मग स्वतःचं वजन वजा करायची. पाच महिन्यांत आकडा ४.२ वरून ३.६ किलोवर आला होता. तो कागद बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त आणि लघवी तपासली, मूत्रपिंडाचा आजार निघाला. खाणं बदललं, घरी कातडीखाली सलाईन द्यायला मी शिकले, आणि चिंगी पुढे दोन वर्षं खिडकीतल्या उन्हात बसली.